पाळलेली मादी साप अंड्यावर आहे का? ओळख, तयारी आणि काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा सरत आला की हे प्रश्न येऊ लागतात आणि मे अखेरीपर्यंत येत राहतात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे बॉल पायथन (आफ्रिकेतली अजगराची एक लहान जात) आहे, म्हणून उत्तरं तिलाच धरून लिहिली आहेत. कॉर्न स्नेक आणि बोआसाठी प्रश्न १७ पाहा. कायद्याविषयी प्रश्न १९ आणि भारतातल्या रानातल्या सापांविषयी प्रश्न २० आहे.

१. आमची बॉल पायथन अंड्यावर आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

अंड्यावर असणं म्हणजे पोटात अंडी असणं. ते एका लक्षणावरून ओळखता येत नाही. चार-पाच गोष्टी ठरावीक क्रमाने घडल्या तरच खात्री धरावी. आधी भूक मंदावते. मग ती उबेची जागा सोडून टाकीच्या गार टोकाला जाऊन पडते, पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून बसते. त्यानंतर ओव्हुलेशनची सूज येते (प्रश्न ४). पुढे अंग गरम बाजूला चिकटवून बसणं सुरू होतं आणि कधीकधी ती पोट वर करून अर्धवट उलटी पडलेली दिसते. मग एक कात पडते (प्रश्न ५). शेवटच्या आठवड्यांत शरीराचा मागचा तिसरा हिस्सा जड आणि गोलसर होतो.

हा क्रम नुसता डोक्यात राहत नाही. वहीत तारीख, वजन, खाल्लं की नाही, टाकीत कुठे बसली होती, एवढं दर आठवड्याला लिहा. स्वयंपाकघरातला ५ किलोपर्यंतचा डिजिटल काटा सापासाठी वेगळा घेतला की काम भागतं. हातांनी पोट चाचपून जे कळत नाही ते दोन महिन्यांच्या नोंदींवरून कळतं. पुढच्या बहुतेक उत्तरांना याच वहीचा आधार आहे.

२. दुकानदाराने मादी म्हणून दिली. ती मादीच आहे हे कशावरून?

पिल्लू असताना नुसत्या अंदाजाने सांगितलं असेल तर चूक होऊ शकते. शेपटीची जाडी किंवा अवस्कराजवळची (शेपटीच्या मुळाशी असलेल्या, विष्ठा आणि अंडी बाहेर येतात त्या तोंडाजवळची) नखासारखी टोकं पाहून बॉल पायथनचं लिंग ठरवू नका, तो निकष कच्चा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणारे पशुवैद्य बोथट सळईने तपासून सांगतात. हे घरी करू नका, आतली इजा भरून यायला कठीण असते. आणि ओव्हुलेशनची शंका असेल तर ही तपासणी त्या हंगामात करायचीच नाही.

३. ती एकटीच असते, नर कधी जवळ आलेलाच नाही. तरी अंडी येऊ शकतात का?

येऊ शकतात, तीन प्रकारे. मोठी झालेली मादी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाकडे ती नराबरोबर राहिलेली असू शकते. मादी सापाच्या शरीरात शुक्राणू कित्येक महिने टिकतात. दुसरं, नर नसताना फलित न झालेली अंडी घातली जातात (प्रश्न १५). तिसरा प्रकार विरळा आहे, पण बॉल पायथनमध्ये नोंदला गेलेला आहे: नराशिवाय मादीच्या एकटीच्या बीजातून पिल्लू तयार होतं. म्हणून ‘नर नाही, म्हणजे अंड्यावर नाही’ असं धरून चालू नका. एकट्या मादीचीही अंडी अडकू शकतात. तिचं पोट फुगलं तर काळजी तेवढीच घ्यायची.

४. ओव्हुलेशन म्हणजे काय, आणि ते डोळ्यांना दिसतं का?

दिसतं, पण फार थोडा वेळ. अंडाशयात वाढलेली बीजं एकाच वेळी सुटतात, तेव्हा शरीराचा मधला भाग एकदम फुगतो. मोठा उंदीर नुकताच गिळला असावा असा फुगवटा असतो. फरक एवढाच की तिने तीन-चार आठवडे काही खाल्लेलं नसतं. फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना कातडी ताणली जाते, खवल्यांच्या मधली फिकट त्वचा उघडी पडते, आणि साप अंग आखडून अस्वस्थ पडलेला असतो. साधारण एका दिवसात हे ओसरतं. सकाळी ऑफिसला जाताना पाहिलं नाही तर संध्याकाळी काही कळणारही नाही. त्यामुळे पुष्कळांकडून ते निसटतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. कातीवरून हिशेब लागतो.

दिसलंच तर लांबून फोटो काढा, तारीख लिहा, टाकी बंद करा. त्या दिवशी तिला उचलायचं नाही.

५. कात टाकल्यानंतर किती दिवसांनी अंडी येतात?

ओव्हुलेशननंतर सुमारे दोन ते चार आठवड्यांनी जी कात पडते, तिच्यापासून मोजायला लागायचं. या कातीनंतर साधारण ३० दिवसांनी अंडी येतात. तीन आठवड्यांत किंवा सहा आठवड्यांनी अंडी घालणाऱ्या माद्याही असतात. समजा ५ फेब्रुवारीला सूज दिसली, २५ फेब्रुवारीला कात पडली, तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अंड्यांचा डबा तयार हवा.

पण प्रत्येक कात अंड्यांची नसते. साधी कात टाकल्यावर बॉल पायथन बहुधा भुकेली असते, एक-दोन दिवसांत फिरू लागते. अंड्यांआधीची कात टाकलेली मादी उंदराकडे पाहतही नाही आणि गरम बाजू सोडत नाही. कात पडल्यावर उंदीर नाकारला, हीसुद्धा वहीत लिहायची नोंद आहे.

६. दोन महिने खात नाही. अंड्यांमुळेच ना?

तसंच असेल असं नाही. बॉल पायथन खाणं सोडायला निमित्त शोधते: खोली गार, लपायला जागा नाही, उंदराचा आकार बदलला, टाकी हलवली. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिककडच्या थंडीत टाकीचं तापमान उतरलं की नरसुद्धा कित्येक आठवडे खात नाहीत. आधी थर्मामीटर पाहा.

मग वजन पाहा. अंड्यांकडे निघालेली मादी खात नसली तरी तिचं वजन बरंचसं टिकून राहतं आणि अंग भरलेलं दिसतं. वजन सतत उतरत असेल, पाठीचा कणा वर येत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकातोंडात बुडबुडे किंवा शिट्टीसारखा आवाज असेल, तर अंड्यांची वाट पाहत बसू नका, पशुवैद्याकडे न्या. उपाशी सापाचं वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर बाकी काही लक्षण नसलं तरी दाखवावं.

७. पोट मोठं दिसतंय. जेवण, चरबी, बद्धकोष्ठ की अंडी?

जेवणाचा फुगवटा मध्यभागी असतो आणि चार-पाच दिवसांत उतरतो. चरबी सगळीकडे सारखी चढते. शेपटीच्या मुळाशी अंग जाड होतं आणि साप वळला की कातडीला घड्या पडतात. बद्धकोष्ठ असेल तर अवस्कराच्या अगदी पुढे एकच घट्ट गोळा जाणवतो, आणि वहीत पाहिलं तर खूप दिवसांत विष्ठेची नोंद नसते. अंडी मागच्या तिसऱ्या हिश्श्यात लांबवर पसरलेली असतात. साप सरकताना कडेने उंचसखल दिसतो.

एकाच बाजूला आलेली, न हलणारी, हळूहळू वाढणारी सूज ही गाठ असू शकते. ती घरी ठरवायची गोष्ट नाही.

८. पोट हलकेच दाबून अंडी मोजता येतील का?

दाबू नका. सराव असलेले लोक सापाला बोटांवरून सरकू देतात आणि आतल्या गोट्या मोजतात, ते व्हिडिओ पाहून पुष्कळांना मोह होतो. पण वाढलेली बीजं नाजूक असतात. ती आत फुटली तर आतला द्रव पोटात पसरून जंतुसंसर्ग होतो आणि मादी दगावू शकते. अंडी चार आहेत की सहा हे आधी कळून तुम्हाला तयारीत काही वेगळं करायचं नसतं. खात्रीच करायची असेल तर पुढचा प्रश्न पाहा.

९. सोनोग्राफी करावी की एक्स-रे?

सोनोग्राफी. तिच्यात वाढणारी बीजं ओव्हुलेशनच्या आधीपासून दिसतात आणि त्यांचा आकार मोजता येतो. सापाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं असतं. म्हणून एक्स-रेमध्ये ते पुसट येतं. अंडं अडकल्याची शंका असेल, किंवा पिल्लं देणाऱ्या जातीत शेवटच्या टप्प्यावर पिल्लांचे सांगाडे पाहायचे असतील, तर एक्स-रे उपयोगी पडतो.

सगळं नीट क्रमाने चाललं असेल तर सोनोग्राफी केलीच पाहिजे असं नाही. मात्र जवळपास सापांवर उपचार करणारा पशुवैद्य कोण, हे अंडी येण्याआधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळे दवाखाने साप घेत नाहीत. हे रात्री अकरा वाजता कळू नये. नेताना मऊ सुती पिशवी, ती पिशवी हवेशीर डब्यात, आणि गाडीत एसीचा झोत थेट अंगावर नको.

१०. मादी किती मोठी असावी? आमची १२०० ग्रॅमची आहे.

अजून लहान आहे. या वर्षी नर लावू नका. किमान १५०० ग्रॅम आणि वयाची तीन वर्षं पूर्ण, हा बहुतेक जाणकार पाळतात तो नियम, आणि मी त्यावर ठाम आहे. हिशेब साधा आहे. बॉल पायथनचं एक अंडं साधारण ८० ग्रॅमचं असतं. सहा अंडी म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. १२०० ग्रॅमच्या मादीच्या अंगातून एवढं निघून गेलं, आणि तेही महिनोन्महिने उपाशी राहून, तर ती उभारी धरायला वर्ष घेते.

मोठ्या मादीलाही दर वर्षी अंड्यावर आणायची घाई नको. मागच्या हंगामाआधीचं वजन परत आलं नसेल तर ते वर्ष सोडायचं. आणि पिल्लांना घर मिळणार नसेल तर नर लावायचाच नाही. सहा बॉल पायथन वीस-वीस वर्षं सांभाळायची जबाबदारी आहे ती.

११. अंड्यावर असताना खायला काय द्यावं? दूध, अंडं, कॅल्शियमची पावडर?

दूध नाही. सापाला दूध पचत नाही, नागपंचमीला वाटी पुढे ठेवली म्हणून ते त्याचं अन्न होत नाही. पूर्ण उंदरात हाडांसकट कॅल्शियम असतं, पशुवैद्याने सांगितल्याशिवाय वेगळी पावडर नको. ओव्हुलेशनच्या आधी ती खात असेल तर नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. नंतर नाकारला तर उचलून टाका, आठवडाभर पुन्हा विचारू नका. जबरदस्तीने भरवणं पूर्ण वर्ज्य. जिवंत उंदीर टाकीत सोडून जाऊ नका, सुस्त पडलेल्या मादीला तो चावे घेतो. ताजं पाणी मात्र रोज.

१२. टाकीत काय बदल करायचे?

बॉल पायथन मूळची घाना, टोगो, बेनिनच्या पट्ट्यातली. तिथे कोरड्या ऋतूच्या शेवटी ती उंदरांच्या सोडलेल्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत अंडी घालते. अंधार, आवळ जागा, उबदार दमटपणा, यातलं काहीच उघड्या काचेच्या टाकीत नसतं. आपण ते द्यायचं.

तिचं अंग चहूबाजूंनी टेकेल एवढा, झाकण असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या. बाजूला तोंड कापा आणि कड घासून गुळगुळीत करा. आत दमट स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा धुतलेलं कोकोपीट भरा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकू नये. डबा गरम आणि गार बाजूंच्या मध्ये, थोडा गरमीकडे. गरम जागा ३१ ते ३३ अंश, गार बाजू २५ ते २७, हवेतला दमटपणा ६० ते ७० टक्के. हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय, चालवू नका. अंड्यावरची मादी दिवसेंदिवस एकाच जागी बसते, पोटाखालची मॅट तापली तर भाजल्याचं उशिरा कळतं.

मार्च-एप्रिलचा काळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळा. नागपूर-चंद्रपूरला दुपारी खोलीच ४० अंशांपर्यंत जाते, तिथे तापवण्यापेक्षा गारवा राखणं अवघड. टाकी जमिनीलगत, उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवा आणि गार टोक ३० च्या खाली राहील असं पाहा. भारनियमनाच्या गावात थर्मोस्टॅट आणि पंखा इन्व्हर्टरवर घ्या. कुलरची हवा थेट टाकीवर नको.

१३. अंडी घालताना काय होतं? आम्ही काय करायचं?

बहुतेक वेळा रात्री, पहाटेपर्यंत. ती डब्यात घट्ट वेटोळं करते, अंगाच्या मागच्या भागात लाटा सरकताना दिसतात, आणि काही तासांत साधारण चार ते सहा अंडी येतात. अंडी ओली असतात, बाहेर येताच एकमेकांना चिकटतात, आणि ती त्यांच्याभोवती शंकूसारखी रचून बसते, डोकं सगळ्यात वर. तुमचं काम एवढंच की दिवा लावायचा नाही आणि झाकण उघडायचं नाही.

सकाळी अंडी काढायची असतील तर तिच्या डोक्यावर हलकं फडकं ठेवा, वेटोळं शेपटीकडून सावकाश सोडवा. नेहमी शांत असलेली मादीही या वेळी चावू शकते. चिकटलेली अंडी सुटी करू नका. वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि तीच बाजू शेवटपर्यंत वर राहू द्या, अंडं उलटं झालं तर आतलं पिल्लू मरू शकतं.

अंडी तिच्याकडेही ठेवता येतात, दमटपणा राखला तर ती स्वतः उबवते. पण मग आणखी दोन महिने ती फारसं खात नाही, म्हणून बारीक मादीची अंडी इनक्युबेटरमध्येच जाऊ द्यावीत: ओलसर व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारे खनिजाचे हलके कण), ३१ ते ३२ अंश, ५५ ते ६० दिवस. शेवटच्या दोन आठवड्यांत अंडी पिचकतात, ते ठीक आहे. पिल्लाने कवच चिरल्यावर ते एक-दोन दिवस आतच बसतं. ओढून काढू नका.

१४. तीन अंडी आली आणि एक आत राहिलंय असं वाटतं. किती थांबायचं?

पहिलं अंडं आल्यापासून दोन दिवसांत काम उरकलं नसेल तर दवाखाना गाठा. त्याआधीही अवस्कर सुजून बाहेर आलं, रक्त किंवा दुर्गंधी असलेला स्राव दिसला, मादी कळा देऊन थकून लोळत पडली, तर लगेच. कातीपासून पन्नास दिवस उलटून एकही अंडं नसेल तेव्हाही दाखवायचं.

बाहेरून दाबून अंडं पुढे ढकलणं, तेल सोडणं, चिमट्याने ओढणं, यातलं काहीही करू नका. अंडवाहिनी फाटली तर मादी हातची जाते. पशुवैद्य आधी पाणी आणि कॅल्शियम भरून काढतात, लागलं तर औषधाने कळा आणतात, पण सापांमध्ये त्या औषधाचा भरवसा कमी. सुईने अडकलेल्या अंड्यातला द्रव काढून ते लहान करता येतं, नाहीतर शस्त्रक्रिया. जाताना वही बरोबर न्या: ओव्हुलेशन, कात, पहिल्या अंड्याची वेळ.

१५. काही अंडी पिवळी, लहान आणि मऊ आहेत. खराब?

बहुधा ती फलित झालेली नाहीत. सुटी असतील तर काढा, चिकटलेली असतील तर तशीच राहू द्या. शंका असलेल्या अंड्याला अंधारात मोबाइलचा दिवा लावून पाहा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे.

१६. अंडी झाल्यावर मादीला कसं सांभाळायचं?

अंडी काढून घेतली असतील तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, बिछाना बदला, तिलाही कोमट पाण्याने पुसून घ्या. अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेवरच वेटोळं घालून बसते आणि खात नाही. आठवड्याने लहान उंदीर द्या. खाल्ला तर पुढचे काही लहानच, जरा लवकर लवकर. कातडी सैल लोंबलेली पाहून घाबरायला होतं, पण दर आठवड्याला वजन चढत असेल तर ती भरून येते. दीड महिना होऊन काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्य.

१७. आमच्याकडे कॉर्न स्नेक आहे / बोआ आहे. हेच लागू का?

कॉर्न स्नेकला कातीनंतर अवघे एक-दोन आठवडे मिळतात, डबा आधीच ठेवा. अंडी बॉल पायथनपेक्षा बरीच जास्त, मादी ती उबवत नाही, आणि उबवणीचं तापमान कमी, २७ ते २९ अंश. त्याच हंगामात दुसऱ्यांदाही ती अंडी घालू शकते, म्हणून पहिल्यानंतर लगेच खाऊ घालणं महत्त्वाचं.

बोआ पिल्लं देते. तिच्यासाठी अंड्यांचा डबा नको, गरम जागा आणि शांतता हवी. ओव्हुलेशननंतरच्या कातीपासून साधारण साडेतीन महिने धरा. पिल्लं भांड्यातल्या पाण्यात बुडू नयेत म्हणून शेवटच्या आठवड्यांत पाणी उथळ ठेवा.

१८. घरात सून गरोदर आहे. साप ठेवावा का?

साप देऊन टाकायची गरज नाही, पण तिने त्याला, टाकीला, उंदरांना हात लावू नये. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असतात. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसांनाही हेच लागू. टाकीचं सामान स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायचं नाही, इनक्युबेटर ओट्यावर ठेवायचा नाही. हाताळणाऱ्याने साबणाने हात धुवायचे, प्रत्येक वेळी.

१९. कायद्याने हे चालतं का? पिल्लांचं काय?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या यादीतल्या परदेशी जाती आता अनुसूची ४ मध्ये येतात. बॉल पायथन आणि बोआ त्यात आहेत. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदवावा लागतो. नवीन जन्म आणि मृत्यूही कळवावे लागतात. म्हणजे अंडी फुटली की प्रश्न १ मधली वही इथेही लागते. आईची नोंदणी नसेल तर नर लावण्याआधी ती मार्गी लावा. परदेशात असाल तर राज्य आणि शहर दोन्हींचे नियम वाचा, भाड्याच्या घराचा करारही.

२०. शेतात धामण सापडली, पोट फुगलंय. अंडी घालेपर्यंत घरी ठेवू का? मांडूळ असेल तर?

नाही. आपल्याकडचे रानातले साप पकडणं आणि पाळणं हा गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. मांडुळाची तस्करी चालते, त्यामुळे ते घरात सापडलं तर खुलासा करणं आणखी कठीण. धामण घरात शिरली असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला कळवा, आणि ‘पोटात अंडी असावीत’ हे आवर्जून सांगा, म्हणजे ते तिला पिशवीत फार वेळ न ठेवता जवळच सोडतील.

मादी घोणस असेल तर जास्त जपून. ती अंडी घालत नाही, पिल्लं देते, एका वेळी डझनांनी, आणि जन्मलेल्या पिल्लालाही विष असतं. उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या तोंडावर अंगणात एक पिल्लू दिसलं तर आणखी असतील असं समजून मुलांना आत घ्या, लाकूडफाट्यात, विटांच्या ढिगात हात घालू नका, आणि बूट झटकून घाला.